मणक्याच्या गादीतले जंतू

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक एसटी चालक आले. वय ४२. एका हातात एमआरआयच्या फिल्म्सची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. सात-आठ महिन्यांपासून कंबर दुखत होती. रात्री कूस बदलताना कळ यायची, सकाळी उठल्यावर तासभर कंबर आखडलेली असायची. गोळ्या, मलम, शेक, पट्टा सगळं करून झालं होतं.

‘‘साहेब, मणक्यात गॅप आहे म्हणतात. पण हे जरा वाचा. त्या गॅपमध्ये जंतू असतात म्हणे. १०० दिवस अँटिबायोटिक घेतलं की दुखणं मुळापासून जातं. तेवढं लिहून द्या.’’

मोबाइलवर आलेला तो मजकूर अर्धवट होता, पण मनाने रचलेला नव्हता. २०१३ साली हीच बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली होती आणि ती वाचून आम्ही डॉक्टर मंडळीही चकित झालो होतो. पुढे काय झालं, हे मात्र त्या मजकुरात नव्हतं. वैद्यकातल्या बातमीचा उत्तरार्ध सहसा कोणी पुढे पाठवत नाही. आज तो सांगायचा आहे, कारण पाठदुखीसाठी मनाने अँटिबायोटिक घेण्याची किंमत फार मोठी असू शकते.

गादी कशी असते?

आधी त्या ‘गॅप’बद्दल. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या मध्यभागी जेलीसारखा, पाणी धरून ठेवणारा गर असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखं, पण चिवट तंतूंचं कडं. वजन पेलणं आणि धक्के शोषणं हे तिचं काम. वय वाढतं तशी गादी पाणी धरून ठेवण्याची ताकद गमावते, तिची उंची कमी होते, कड्याला बारीक चिरा पडतात. म्हणजे ज्याला आपण ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतो, तिथे प्रत्यक्षात गॅप कमी झालेला असतो!

ही झीज केस पिकण्याइतकी सर्रास आढळते. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३ हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. फिल्मवर झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

गादीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पातळ कूर्चेतून जे काही झिरपत येईल, त्यावरच आतल्या पेशी तग धरतात. प्राणवायू कमी, आम्लता जास्त. अशा ठिकाणी डागडुजी संथच होणार. जंतूंच्या कथेत ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

सूज म्हणजे जंतू नव्हेत

मग काहींची गादी दुखते आणि काहींची नाही, असं का? पूर्वी उत्तर सरळ होतं: गादी सरकली, नस दाबली गेली, म्हणून दुखतं. पण सरकलेल्या गादीचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचं गणित जुळत नव्हतं. १९९३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शेल ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर एक प्रयोग केला. त्यांनी गादीतला गर नसांच्या मुळांवर नुसता ठेवला, नस कुठेही दाबली नाही. तरीही नसेचं काम मंदावलं. म्हणजे त्या गरातच नसेला डिवचणारं काहीतरी रसायन होतं.

आज त्यातली बरीच रसायनं ओळखता आली आहेत. झिजणाऱ्या गादीतल्या पेशी स्वतःच इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ यांसारखे दाह निर्माण करणारे पदार्थ सोडतात. त्यामुळे गादीचे तंतू विरघळवणारे पाचक रस वाढतात. गादी आणखी फाटते. चिरांमधून नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत नसांचे बारीक तंतू आत शिरतात. जिथे एरवी वेदनेची जाणीव पोहोचत नाही, तिथे ती पोहोचते.

इथे एक घोटाळा होतो. मराठीत आपण ‘सूज’ म्हणतो आणि लगेच ‘म्हणजे इन्फेक्शन झालं असेल’ असं जोडून टाकतो. पाय मुरगळला की घोटा सुजतो, लाल होतो, ठणकतो. तिथे जंतू नसतात. सूज किंवा दाह ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि जंतू हे तिच्या अनेक कारणांपैकी एक. शिवाय दाह नेहमी वाईटच असतो असंही नाही. गादीचा तुकडा फुटून बाहेर आला की त्याला परका समजून शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यावर धावून जातात आणि काही महिन्यांत तो तुकडा बरेचदा आक्रसतो, कधी नाहीसाही होतो. जो दाह सुरुवातीला रडवतो, तोच पुढे झाडून काढतो. सायटिकाच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेविना बरं वाटतं, त्यामागे याचा मोठा वाटा आहे.

संशयाची सुरुवात

पण काही जणांच्या गादीजवळचा दाह वर्ष-दोन वर्षं शमतच नाही. या धगीला इंधन कोण पुरवतं? २००१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा अहवाल दिला. तीव्र सायटिकासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३६ रुग्णांच्या गादीचे तुकडे त्यांनी प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त दिवस वाढीला ठेवले. १९ जणांच्या नमुन्यांत जंतू वाढले आणि त्यातल्या १६ जणांत एकच जंतू होता: प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस. आता त्याचं नाव क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस झालं आहे. तारुण्यपीटिकांशी संबंध असलेला हा जंतू तुमच्या-माझ्या त्वचेवर, केसांच्या मुळाशी कायम मुक्कामाला असतो. तो संथ वाढतो आणि त्याला प्राणवायू कमी असलेली जागा मानवते. गादीचा अंतर्भाग तर तसाच.

मांडणी अशी होती: दात घासताना किंवा त्वचेवरच्या बारीक जखमांतून असे जंतू अधूनमधून थोडा वेळ रक्तात येतात. एरवी शरीर त्यांचा निकाल लावतं. पण गादी फाटलेली असेल, तिथे नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, तर जंतू आत शिरतात आणि हवा नसलेल्या त्या कोपऱ्यात बस्तान मांडतात. त्यांच्यामुळे पू होत नाही, ताप येत नाही. पण त्यांचे टाकाऊ पदार्थ शेजारच्या मणक्याच्या हाडात झिरपून ते धुमसत ठेवतात.

हे धुमसणं एमआरआयवर दिसतं. १९८८ साली मायकल मोडिक या अमेरिकी रेडिओलॉजिस्टनी गादीलगतच्या हाडातल्या बदलांचे प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात हाडात पाणी साचल्यासारखी सूज, दुसऱ्यात चरबी, तिसऱ्यात हाड कठीण होणं. आमच्या चालकदादांच्या रिपोर्टवर ‘मोडिक टाइप १’ असंच लिहिलेलं होतं.

२०१३ साली डेन्मार्कमधल्या हाने आल्बर्ट, क्लाउस मानिके आणि सहकाऱ्यांनी दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. पहिल्यात ६१ शस्त्रक्रियांचे नमुने होते. त्यातल्या ४६ टक्क्यांत जंतू सापडले आणि प्राणवायूविना वाढणारे जंतू ज्यांच्यात होते, त्यातल्या ८० टक्के रुग्णांच्या शेजारच्या हाडात पुढे मोडिक बदल झाले. ज्यांच्यात जंतू नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ४४ टक्के होतं. दुसऱ्या निबंधात गादी सरकून गेल्यानंतर दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या आणि मोडिक टाइप १ असलेल्या १६२ रुग्णांपैकी काहींना १०० दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, तर उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. त्रास मोजण्यासाठी गुण देणारी प्रश्नावली होती. दोन्ही गट १५ गुणांवर सुरू झाले. वर्षभराने अँटिबायोटिकवाले ५.७ वर आले, दुसरा गट १४ वरच राहिला.

कंबरदुखीच्या उपचारांत असा फरक क्वचितच दिसतो. पोटातल्या अल्सरचं उदाहरण तर ताजंच होतं. अल्सर तिखट खाण्याने आणि ताणतणावाने होतो, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे जंतू असल्याचं दाखवलं आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. पाठदुखीचंही तसंच निघालं तर? २०१३च्या त्या आठवड्यात मीही दोन-तीन जुन्या रुग्णांच्या फिल्म्स पुन्हा काढून पाहिल्या होत्या, हे कबूल करतो.

शंका आणि पायाळू माणूस

शंका दोन होत्या. पहिली नमुन्याची. हा जंतू त्वचेवर राहतो आणि शस्त्रक्रिया त्वचा कापूनच होते. मग तो गादीत मुळात होता, की सुरीबरोबर तिथे गेला? त्यावर आजही वाद आहे. काही प्रयोगशाळांना गादीच्या आत जंतूंचे चिकटलेले थर दिसले आहेत. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी जंतू वाढवण्याऐवजी त्यांची जनुकीय खूण शोधली, तेव्हा ती मेंदूमृत अवयवदात्यांच्या निरोगी गाद्यांतही मिळाली. हे खरं धरलं, तर गादीत जंतूंची खूण मिळणं हा आजाराचा पुरावा ठरत नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदतात, म्हणून आपण आजारी नसतो.

दुसरी शंका चाचणीची. ती समजून घ्यायला आपल्याकडच्या पायाळू माणसाची मदत घेऊ. कंबरेत उसण भरली की पायाकडून जन्मलेल्या माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत खेडोपाडी आहे. बऱ्याच जणांना दोन-चार दिवसांत बरं वाटतं. पण उसण बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआपच उतरते. श्रेय पायाला मिळतं. औषधाच्या बाबतीत हा घोटाळा टाळण्यासाठीच एका गटाला औषध नसलेली गोळी देतात, आणि त्या गटालाही थोडं बरं वाटणं अपेक्षित असतं. डेन्मार्कच्या चाचणीत तो गट वर्षभर जवळजवळ जागचा हललाच नाही, हे अनेकांना खटकलं.

विज्ञानात अशा वेळी उत्तर एकच असतं: दुसऱ्यांनी, दुसऱ्या ठिकाणी तोच प्रयोग करून पाहावा. नॉर्वेतल्या सहा रुग्णालयांनी तो केला. निकाल २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. १८० रुग्ण, मोडिक टाइप १ किंवा २, तीन महिने अमॉक्सिसिलिन किंवा औषध नसलेली गोळी. तशीच प्रश्नावली, २४ गुणांची. किमान ४ गुणांचा फरक पडला तरच तो रुग्णाला जाणवण्याजोगा, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवून ठेवलं होतं. वर्षभराने दोन गटांतला फरक निघाला १.६ गुणांचा. फक्त टाइप १चे रुग्ण वेगळे काढले तरी तो २.३ होता. उलट औषधाच्या गटात ५६ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांना काही ना काही दुष्परिणाम झाले.

एवढ्या काळात औषधाचं मिश्रण थोडं वेगळं होतं, रुग्णांची निवड थोडी वेगळी होती, असे मुद्दे मांडले गेले आणि ते चुकीचे नाहीत. एखाद्या छोट्या गटात जंतू खरोखर धुमसत असतीलही. पण तो गट शस्त्रक्रियेविना ओळखायचा कसा, हे आजच्या एमआरआयला सांगता येत नाही. आणि ते सांगता येत नाही तोवर ‘मोडिक टाइप १’ या तीन शब्दांवर कोणालाही १०० दिवसांचं अँटिबायोटिक देणं योग्य नाही.

खरा जंतू हुकतो तेव्हा

‘घेऊन पाहायला काय हरकत आहे?’ असं कोणी विचारेल. हरकत काय आहे, ते मला एका बाईंनी शिकवलं.

काही वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या. चाळिशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या. चार महिने पाठ दुखत होती. गावात, तालुक्याला आणि एकदा आमच्याच ओपीडीतही त्यांना वेदनाशामक गोळ्यांबरोबर अँटिबायोटिकचे कोर्स मिळाले होते. दर वेळी आठवडाभर जरा हलकं वाटायचं, मग पुन्हा तेच. संध्याकाळी कणकण यायची, ब्लाउज सैल होत गेले होते, पण हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे दाखल झाल्या तेव्हा चालताना पाय लटपटत होते. एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली गादी पोखरलेली दिसली, बाजूला पू साचलेला. सुईने नमुना घेतला. मणक्याचा क्षयरोग होता.

आपल्या देशात पाठदुखी आणि जंतू हे दोन शब्द एकत्र आले की डॉक्टरांच्या मनात आधी क्षयरोग यायला हवा. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि हाडांच्या क्षयाचे निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. सर्रास दिली जाणारी लिवोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात. रुग्णाला तात्पुरतं बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू औषधाला सरावतो. ज्यांचा क्षयावर उपयोग नाही, अशी औषधं निव्वळ वेळ खातात. मणक्याला इतर जंतूंचाही संसर्ग होतो. मधुमेही रुग्णांत स्टॅफिलोकोकस, तर गुराढोरांत वावरणाऱ्या किंवा कच्चं दूध पिणाऱ्यांत ब्रुसेला. तिथेही आधी अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर नमुन्यात जंतू उगवत नाही आणि आम्ही अंधारात चाचपडतो.

त्या बाईंना क्षयाची औषधं वर्षभराहून अधिक काळ द्यावी लागली. त्या आज चालतात. पाठीला आलेला बाक मात्र गेला नाही. पहिल्या महिन्यात निदान झालं असतं तर तो आलाच नसता.

मग करायचं काय?

बहुतेक कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत बरीच उतरते. तोवर अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तेवढं चालावं, शेक घ्यावा, गरजेपुरती वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पहिल्याच आठवड्यात एमआरआयची घाई नको. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं तर नियमित व्यायाम हाच मुख्य उपचार, आणि तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. विडी-सिगारेट सोडावी. धुराने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गादीला झिरपून मिळणारं पोषण आणखी घटतं.

पण पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट, झोपूनही न थांबणारं दुखणं यातलं काही असेल. पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला क्षय झालेला असेल, मधुमेह किंवा कर्करोग असेल, तर सहा आठवडे थांबू नये. आणि पायातली ताकद जाणं, जांघेजवळ बधिरपणा, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं यातलं काही घडलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन वाट पाहू नये.

एसटीच्या त्या चालकांना मी हे सगळं सांगितलं, अर्थात थोडक्यात. ताप, वजन विचारलं, मणका ठोकून पाहिला, रक्त आणि छातीचा एक्स-रे तपासला. काळजीचं काही नव्हतं.

‘‘म्हणजे गादीत जंतू नाहीत?’’ त्यांनी विचारलं.

‘‘असतीलही. पण तुमची कंबर तेच दुखवतात, असं म्हणायला आज माझ्याकडे पुरावा नाही.’’

त्यांना ते फारसं पटल्याचं दिसलं नाही. गोळीशिवाय परत जाणं कोणालाच आवडत नाही. तरी फिजिओथेरपीच्या खोलीची वाट त्यांनी विचारून घेतली. तीन महिन्यांनी आले, तेव्हा दुखणं गेलं नव्हतं, निम्म्यावर आलं होतं. सीटच्या पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवतात, फेरी संपली की डेपोत दहा मिनिटं चालतात, तंबाखूची पुडी बंद आहे असं म्हणाले. मोबाइल या वेळी खिशातच होता.